समईचा दांडा

“माळ कुठं घालू? ह्याला काही मान आहे का गळा?” मी विचारलं.

खंडेनवमीची सकाळ होती. मागच्या पडवीत हे, म्हणजे आमचे यजमान, लेथ पुसत बसले होते. रॉकेलचा बोळा फिरवायचा, मग कोरडं फडकं, मग पुन्हा बोळा. मी झेंडूची माळ घेऊन उभी होते.

“चकला घालू नको,” ते म्हणाले. “मोटरवर घाल. उद्या विसरून बटण दाबलं तर माळेबरोबर बोटंही जातील.”

“माझ्या समईसाठी बटण दाबायला तुम्ही धजताय कुठं? तीन महिने झाले, नुसता हात बसंना, हात बसंना.”

“नाही बसला अजून.”

“अहो, उद्या दसरा. साडेतीन मुहूर्तांतला एक. उद्या तो चक चढवायचा आणि माझी समई पुरी करायची. आता मी ऐकणार नाही.”

त्यांनी फडकं झटकलं, घडी केली, परत उलगडलं. “बरं,” म्हणाले. “उद्या चढवतो.”

मी मोटरवर माळ घातली, लेथला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. हात जोडताना मनात त्या यंत्राविषयी भक्ती वगैरे काही नव्हती, हे सांगून टाकते.

लेथ आमच्या सुहासचा. आम्हाला एवढा एकच. शिरोलीला एका कारखान्यात तो टर्नर होता. दिवसभर तिथल्या दांडग्या लेथवर काम करायचा आणि घरी येऊन पुन्हा ह्या लहानग्यापुढं बसायचा. टेबलावर मावेल एवढं यंत्र. कुठल्याशा बंद पडलेल्या तांत्रिक शाळेतून गंज खाल्लेलं त्यानं उचलून आणलं आणि सुटे भाग जमवून चालतं केलं. एरवी काही फार अवघड प्रकार नाही. एका टोकाला चक असतो, त्याला तीन जबडे. त्यात लोखंडाची किंवा पितळेची दांडी घट्ट धरायची, फिरवायची आणि हत्यार लावून सोलायची, आपण काकडी सोलतो तशी. फरक एवढाच की काकडी अर्ध्या मिनिटात होते आणि ह्यात अख्खा रविवार जातो.

माझा त्या लेथवर राग होता. सून आली असती तर तिच्यावरही एवढा केला नसता. शेवटचं वर्षभर तर पोरगं माझ्याशी दोनच वाक्यं बोलायचं. “आई, वाढ” आणि “आई, पुरे.” ताट सारलं की पडवीत. मी शिलाई मशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवत बसायची आणि पडवीतून त्याच्या यंत्राची घरघर ऐकायची. दोघं मायलेक दोन मशिनींवर बसलेले, मध्ये एक भिंत. ह्याला आपली आई आहे हे आठवतं तरी का, असं वाटायचं.

आमच्या घरची समई आटे झिजून डुगडुगायला लागली होती. वात लावली की मान हलवायची. मी एकदा त्याला म्हटलं, “एवढा मोठा कारागीर ना तू, मग मला एक समई करून दे की.” त्यानं ताटातून मान वर न काढता “बघू” म्हटलं. तेवढंच.

मग ज्येष्ठात एका संध्याकाळी हायवेवर ट्रकनं त्याला उडवलं. ह्याबद्दल मला ह्यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर पाहुणे गेले, घर मोकळं झालं, तेव्हा मी पहिल्यांदा पडवीत पाऊल टाकलं. लेथवर चादर होती. ती ओढली तर चकच्या जबड्यांत एक पितळेची दांडी तशीच धरलेली. वीतभर लांब, अंगठ्याहून जाड. दोन्ही टोकांना एकेक कडं उठवलेलं आणि मध्ये बारीक कंबर. लख्ख. कालच केल्यासारखी.

मी तिथंच खाली बसले. समईचा दांडा असाच असतो. कडं, कंबर, कडं. अर्धा झाला होता. वरची वाटी आणि खालची बैठक तेवढी राहिली होती. पोरगं बोलत नव्हतं, पण “बघू” म्हणाल्याचं त्यानं लक्षात ठेवलं होतं. त्याच्या मनात मी होते. त्या पडवीत मी मोठ्यानं रडले, आणि खोटं कशाला सांगू, त्या रडण्यात मला सुख झालं. त्यानंतर जी भेटेल तिला मी सांगत सुटले, “माझा सुहास जाताना माझ्यासाठी समई करत होता.”

“मी पुरी करतो ती,” हे म्हणाले.

आमचे हे जन्मभर एसटीत कंडक्टर. तिकिटं फाडली, घंटी मारली, निवृत्त झाले. घरात बल्ब उडाला तरी शेजारच्याला हाक मारणारा माणूस. पण उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये ते रोज जायला लागले. तिथं नुसते उभे राहून बघायचे, घरी येऊन करून बघायचे. पहिलीच अडचण अशी आली, की हात बसवायला यंत्र पाहिजे आणि यंत्रात तर सुहासचं काम अडकलेलं.

“मग काढून ठेवा ते बाजूला.”

“नाही गं. एकदा जबडे सैल केले की दांडी पुन्हा त्याच जागी बसत नाही. केसभर तरी सरकतेच. त्याच्या हातानं जशी धरलीय तशी परत कधीच धरता येणार नाही.”

म्हणून त्यांनी लेथमध्ये बदल करायला घेतला. अख्खा चकच, दांडीसकट, न उघडता आट्यांवरून फिरवून काढला. दुसरा जुना चक मिळवला. तो आपल्या यंत्रावर बसावा म्हणून मागची जाड तबकडी नव्यानं करून घेतली. पहिली सैल झाली, दुसरी अडकून बसली, कधीतरी एक बसली. मोटरचा पाया हलत होता तो बदलला. पुढच्या चाकावर डोळ्याला दिसतील अशा मोठ्या खुणा कोरून घेतल्या. त्या दिवसांत त्यांच्या बोटांना कायम चिंधी बांधलेली असायची.

आणि सुहासचा चक देवघरात आला. मीच आणला. पाटावर उताणा ठेवला, की मधोमध दांडी सरळ उभी राहायची. खाली गोल बैठक, वर पितळेचा दांडा. नुसती वात लावायची बाकी. रोज पूजा करताना मी त्यालाही हळदकुंकू लावायची. हे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. पुढं पावसाळा सरता सरता तर ते देवघराकडं बघायचेही बंद झाले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळपासून त्यांनी वेळ काढली. आधी तेल, मग पट्टा ताणायचा, मग चहा. दुपारी जेवणं झाल्यावर मी देवघरातून चक उचलला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. वजनदार असतो तो, पण माझ्यात त्या दिवशी म्हशीचं बळ होतं. ते उठले. नवा चक फिरवून काढला, सुहासचा चढवला. दांडीवर माझं कुंकू होतं, ते पुसायला फडकं उचललं आणि परत खाली ठेवलं.

तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली. “काकू, सोनं घ्या!”

झाकीर होता. सुहासच्या कारखान्यातला, एकाच शिफ्टला दोघं. सुहास जायच्या आधी काही दिवस तो आखातात नोकरीला गेला होता आणि आता पहिल्यांदाच सुट्टीवर आला होता. आला तो माझ्या पायाच पडला. मी आपट्याची पानं घेतली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“दसरा चौकात गर्दी व्हायच्या आत आलो,” तो डोळे पुसत म्हणाला. “काका कुठं हाईत?”

“पडवीत. बघ तरी तुझा काका काय झालाय ते. टर्नर झालाय.”

तो पडवीत आला, काकांच्या पाया पडला आणि मग त्याची नजर लेथवर गेली. इतक्या वर्षांचा ओळखीचा लेथ. त्याच्या तोंडावर हसू आलं.

“अरे! सुहासचा टेस्ट बार अजून हितंच? काढला न्हाई होय काका? आन् कुंकू कुणी लावलंय?”

“झाकीर, चहा घे आधी,” हे म्हणाले. आवाज असा, जसा एसटीत फुकट्या प्रवाशाला उतरवताना लावायचे.

“टेस्ट बार म्हणजे?” मी विचारलं.

“काही नाही. कारखान्यातलं काहीतरी असतं त्यांचं. तू चहा ठेव.”

“समईचा दांडा आहे तो, झाकीर. माझ्यासाठी करत होता सुहास.”

झाकीरनं माझ्याकडं बघितलं, मग काकांकडं. “व्हय व्हय,” म्हणाला. “समईच असंल. मला काय ठावं काकू, मी लांब होतो.”

पोरगं कामाला पक्कं, पण खोटं बोलायला अगदीच कच्चं. मी पदर खोचला.

“झाकीर, ह्या घरात तू सुहासच्या ताटात जेवलायस. खरं काय ते सांग.”

“कशाला त्याला...” हे म्हणायला लागले.

“तुम्ही गप्प बसा. सांग रे.”

झाकीर खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच बोलला, “काकू, मशीन सरळ कापतंय का न्हाई ते बघायला असा बार काढत्यात. दोन टोकांना दोन कडी ठेवायची, दोन्हींवरनं एकाच दमात हत्यार फिरवायचं आन् मोजायची. एक जाड, एक बारीक आलं तर मशीन तिरकं चालतंय म्हणायचं. मग ती खोट काढायची, परत बार काढायचा, परत मोजायचा.”

“आणि मग? त्या बारचं काय करतात?”

“काय न्हाई. मोजून झालं की टाकून द्यायचा.”

मला वाटलं, चूक झाकीरची आहे. तो फार दिवस लांब होता, त्याला माहीत नाही. मी म्हटलं, “तू न मोजताच बोलतोयस. मोजून बघ. समई असेल तर कळेल ना मोजल्यावर?” आता आठवलं की वाटतं, ह्या बोलण्याला काही अर्थ होता का? पण बुडत्याला काडीचा आधार.

“मायक्रोमीटर कुठाय काका? बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा तो.”

“राहू दे,” हे म्हणाले. “दुसरीकडं असेल.”

पण झाकीरला त्या पडवीतली प्रत्येक जागा ठाऊक होती. त्यानं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. मायक्रोमीटर वरच होता. त्याच्याखाली चार-पाच दांड्या होत्या. ॲल्युमिनियमच्या, पितळेच्या. सगळ्यांना दोन टोकांना दोन कडी आणि मध्ये बारीक कंबर. काहींवर ओबडधोबड चरे उठलेले. सुहासचा हात असा ओबडधोबड नव्हता.

मी एक दांडी उचलली, मग दुसरी. ह्यांच्याकडं बघितलं.

“एवढ्या समया कुणासाठी करत होता हो?”

त्यांनी चिंधी बांधलेला अंगठा मुठीत लपवला. आणि मला सगळं कळलं. हात बसंना म्हणजे काय ते कळलं, देवघराकडं बघणं का बंद झालं ते कळलं.

झाकीर मध्येच अडकला होता बिचारा. जावं की राहावं, त्याला समजेना. शेवटी हाताला सवय असते म्हणून असेल, तो लेथवर वाकला आणि मायक्रोमीटर लावून त्यानं सुहासच्या दांडीचं एक कडं मोजलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. मग तसाच वाकून राहिला.

“काय झालं?” ह्यांनी विचारलं.

“सारखी हाईत काका. दोन्ही. जराबी फरक न्हाई.” त्यानं मायक्रोमीटर खाली ठेवला. “वर्षभर झगडत होता वो ह्या मशीनसंगं. मी जायच्या आदल्या दिवशीबी म्हणत होता, झाकीर, एका अंगाला जाडच येतंय, काय केल्या जाईना.” त्यानं लेथच्या अंगावर हात ठेवला आणि यंत्राला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाला, “जमलं होतं की रं तुला. सांगितलं न्हाईस.”

मग माझ्याकडं वळून म्हणाला, “काकू, हे अर्धं न्हाई. हे पुरं झालंय. ह्यात करायचं काय राहिल्यालंच न्हाई.”

चहा न घेताच तो गेला. दारापर्यंत पोचवायलाही मी गेले नाही.

पडवीतल्या स्टुलावर मी बसले होते, हे लेथपाशी उभे. बाहेर गल्लीत पोरं सोनं वाटत पळत होती, त्यांचा गलका येत होता.

“तुम्हाला कधी कळलं?”

“श्रावणात. मोटरचा पाया बदलल्यावर लेथ जरा हलला होता. उद्यमनगरातला मिस्त्री म्हणाला, आधी टेस्ट बार काढा. कसा काढायचा विचारलं, तर त्यानं खडूनं फरशीवर काढून दाखवला. दोन कडी आणि मध्ये कंबर. तिथंच खाली बसलो मी. त्याला वाटलं, चक्कर आली.”

“आणि मला सांगितलं नाही.”

“तू रोज हळदकुंकू लावत होतीस. कोणत्या तोंडानं सांगू?”

“मग आज काय करणार होता?”

“समई करणार होतो. तीच दांडी पुढं चालवून. तुला काही कळलं नसतं.”

मी त्यांच्या बोटांकडं बघत होते. नखांत काळं तेल, अंगठ्याला जुनी चिंधी. मला एक गोष्ट विचारायची होती. उत्तर ठाऊक होतं, तरी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

“म्हणजे तो माझ्यासाठी काही करत नव्हता.”

ते खोटं बोलू शकले असते. मनात असेल गं, पुढं केली असती गं, असं पाहुण्यांसारखं काहीतरी.

“नाही,” ते म्हणाले.

मग मी रडले. सुहास गेल्यावर रडले होते ते वेगळं होतं, त्यात समई होती. ह्यात काहीच नव्हतं. माझा मुलगा गेला होता आणि जाताना त्याच्या मनात मी नव्हते. एक यंत्र सरळ चालावं एवढंच होतं, आणि ते चाललं होतं. त्याला आनंद झाला असेल त्या दिवशी. तो आनंद सांगायलासुद्धा तो माझ्याकडं आला नाही. भिंतीच्या अलीकडं मी कुणाच्या तरी ब्लाऊजला हुक लावत बसले असेन.

हे शेजारी येऊन जमिनीवर बसले. त्यांनी मला गप्प राहा म्हटलं नाही. मग म्हणाले, “मी काही फक्त तुझ्यासाठी शिकत नव्हतो. इथं बसलं की बरं वाटायचं. तो जिथं बसायचा तिथंच बूड टेकायचं. माझ्याशी तरी तो कुठं बोलायचा?”

हे मला कधी सुचलंच नव्हतं. इतके महिने मी ह्या माणसाला समई कधी, समई कधी म्हणून टोचत होते, आणि त्याचाही मुलगा गेलाय हे सगळ्या कोल्हापूरला माहीत होतं.

ते उठले आणि चकची किल्ली हातात घेतली.

“काय करू सांग. ह्यातूनच समई होईल. पण करायची म्हणजे वरून सगळी सोलावी लागेल. त्यानं केलेलं राहणार नाही. कीस होऊन खाली पडेल.”

“नको,” मी म्हटलं. “सोलू नका.”

“मग काढू?”

“काढा.”

त्यांनी किल्ली चकमध्ये घातली आणि पिळली. जबडे पहिल्यांदा हललेच नाहीत. सुहासनं फार घट्ट आवळलं होतं. मग मी उठले, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून जोर लावला. कट्ट असा आवाज झाला आणि दांडी सुटली. ती मी पदरात घेतली. आता ती पुन्हा तशी कधीच बसणार नव्हती.

रिकाम्या चकात बोट घालून ह्यांनी आतला कचरा काढला. मग टेबलाखाली वाकले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. कोरी पितळेची कांब होती, चांगली हातभर.

“ही मी मागंच आणून ठेवलीय,” ते म्हणाले. “हात फार चांगला नाही माझा. जरा वाकडीतिकडी होईल. पण तुला कशी पाहिजे ते सांग. उंच का बुटकी?”

गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं मी घेतली होती, माझं माप कुणी विचारलं नव्हतं. मी रडत रडतच जमिनीपासून हात वर धरला आणि उंची दाखवली. ते पट्टी घेऊन खाली वाकले. डोळे पुसायला माझा तोच हात वर जायचा, त्यांना माप मिळेना.

“हलवू नको हात,” ते म्हणाले. “थांब जरा तशीच.”